ब्रश उचलण्याआधी: घरातली बुरशी सुरक्षितपणे काढण्याचा क्रम

भिंतीवर काळपट-हिरवा डाग दिसला की हात आधी झाडूकडे किंवा तारेच्या ब्रशकडे जातो. डाग कोरडाच खरवडला जातो, वर ब्लीच ओतले जाते, दोन दिवसांत रंगही लागतो आणि महिन्याभरात डाग पुन्हा उमटतो. पण खरे नुकसान पहिल्या मिनिटातच झालेले असते. कोरड्या बुरशीला धक्का लागला की तिचे बीजाणू, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बी, खोलीभर उडतात. त्या घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल किंवा कुणाची रक्तातली साखर आटोक्याबाहेर असेल, तर ते बीजाणू त्याच्या फुप्फुसात किंवा नाकात रुजू शकतात. म्हणून खालच्या पायऱ्या वगळू नका आणि मागेपुढेही करू नका.

कोणती बुरशी काय करते

घरात आढळणाऱ्या बहुतेक बुरशा निरोगी माणसाला संसर्ग करत नाहीत. शिंका, खोकला, दम्याचा त्रास होऊ शकतो, पण ती अॅलर्जी असते. संसर्ग म्हणजे बुरशी शरीरात वाढू लागणे. हे मोजक्या बुरशा करतात आणि त्याही बहुधा प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसात.

पहिला मान अॅस्परजिलसचा. त्यातल्या फ्युमिगेटस या जातीचे बीजाणू जेमतेम २ ते ३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, त्यामुळे ते नाकात न अडकता फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात. ही जात ३७ अंशांवर, म्हणजे शरीराच्या तापमानालाही जोमाने वाढते. घरातल्या अनेक बुरशांना तेवढी उष्णता मानवत नाही. आपण सगळेच हे बीजाणू रोज श्वासातून घेतो आणि शरीर त्यांचा निकाल लावते. पांढऱ्या पेशी फार कमी झालेल्या असतील, अस्थिमज्जेचे किंवा अवयवाचे प्रत्यारोपण झाले असेल, स्टेरॉइड मोठ्या मात्रेत बरेच दिवस चालू असेल, तर तो निकाल लागत नाही. क्षयरोग बरा झाल्यावर फुप्फुसात पोकळी राहिली असेल, तर तिथे या बुरशीचा गोळा तयार होऊ शकतो. फ्लेव्हस ही जात सायनसमध्ये, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांत, संसर्ग करते, नायगर ही काळी जात कानाच्या नळीत.

दुसरा गट म्युकरवर्गीय बुरशांचा: रायझोपस, म्युकर, लिच्थायमिया. पावावर आणि सडलेल्या फळावर कापसासारखी वाढते ती बहुधा यांपैकीच एक. अनियंत्रित मधुमेहात, विशेषतः रक्तात कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळते तेव्हा तयार होणारे पदार्थ) साचलेले असताना, ही नाकातून सायनसमध्ये आणि तिथून डोळ्याकडे व मेंदूकडे झपाट्याने सरकते.

फ्युजॅरियम डोळ्याच्या बुबुळाला संसर्ग करते. काडी, पान, गवताचे पाते डोळ्याला लागल्यावर किंवा कॉन्टॅक्ट लेन्सची निगा नीट न राखल्याने हे होते.

एक गैरसमज इथेच दूर व्हायला हवा. म्युकरमायकोसिस या आजाराला लोक ‘काळी बुरशी’ म्हणतात, आणि मग भिंतीवरचा काळा डाग पाहून घाबरतात. त्या आजारातला काळा रंग बुरशीचा नसून रक्तपुरवठा तुटून मेलेल्या ऊतींचा असतो. भिंतीवरची काळी बुरशी बहुधा क्लॅडोस्पोरियम, अॅस्परजिलस नायगर किंवा स्टॅकीबॉट्रिस असते. ‘विषारी’ म्हणून बदनाम झालेली स्टॅकीबॉट्रिस माणसाच्या शरीरात संसर्ग करत नाही. उलट राखाडी-हिरवा, निरुपद्रवी वाटणारा डाग फ्युमिगेटसचा असू शकतो. रंगावरून धोका ठरत नाही.

म्हणूनच भिंतीवरच्या बुरशीची जात प्रयोगशाळेत तपासून घेण्यावर पैसे घालवू नका. जात कुठलीही निघाली तरी करायचे काम तेच असते.

१. आधी माणसे बाजूला करा

पुढीलपैकी कुणीही हे काम करू नये, आणि काम चालू असताना घरातही थांबू नये: केमोथेरपी घेणारे, प्रत्यारोपण झालेले, रक्ताचा कर्करोग असलेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे, साखर आटोक्यात नसलेले मधुमेही. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी आणि लहान मुलांनीही दूर राहावे.

‘दुसऱ्या खोलीत बसतो’ हे पुरेसे नाही. दार उघडले की हवा फिरते. खोली पुसून, वाळवून पूर्ण झाल्यावरच त्यांना परत आणा.

२. डाग मोजा आणि काम आपले आहे का ते ठरवा

टेप घेऊन डागाची लांबी-रुंदी मोजा. एकाच खोलीत चार ठिकाणी डाग असतील तर सगळ्यांची बेरीज करा. एकूण क्षेत्र साधारण १ चौरस मीटरपर्यंत, म्हणजे दहा चौरस फुटांच्या आसपास असेल तर घरी करता येते. त्याहून मोठे असेल, सांडपाणी शिरून ओल आली असेल किंवा एसीच्या नळीत बुरशी असेल, तर अनुभवी कामगारांना बोलवा. एसीत बुरशीचा संशय असेल तर तो चालूच करू नका. पंखा बीजाणू प्रत्येक खोलीत पोहोचवतो.

मोजण्याआधी लपलेल्या जागा पाहा. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटाची पाठ, सिंकखालचा कप्पा, गादीची खालची बाजू, पडद्यामागचा कोपरा. कुबट वास येतो पण डाग दिसत नाही, तेव्हा उत्तर बहुधा या चारपैकी एका ठिकाणी असते. वस्तू सरकवताना सावकाश सरकवा आणि तोंडावर मास्क असू द्या.

३. पाणी कुठून येते ते शोधा

ही पायरी लोक सर्वाधिक वेळा टाळतात आणि डाग परत येण्याचे कारण जवळजवळ नेहमी हेच असते. बुरशीला लागणारे खाद्य (धूळ, कागद, लाकूड, रंगातला चिकट अंश) घरात सगळीकडे असते. आपल्या ताब्यात असते ते फक्त पाणी.

ओल भिंतीच्या आतून येते की खोलीतली वाफ थंड भिंतीवर जमते, हे ओळखायची साधी चाचणी आहे. डागाशेजारचा स्वच्छ भाग कोरड्या फडक्याने पुसा. त्यावर सुमारे ३० × ३० सेंटिमीटरचा अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून लावा. हवा आत शिरेल अशी फट ठेवू नका. २४ तासांनी पाहा.

फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येते आहे. गळकी नळी, बाहेरची भेग, गच्चीचा उतार, पलीकडच्या न्हाणीघराच्या फरशीचे सांधे तपासा. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर हवेतली वाफ जमते आहे. दोन्हीकडे असतील तर कारणेही दोन आहेत, आणि दोन्ही दुरुस्त करावी लागतील.

पलीकडच्या न्हाणीघरावर संशय असेल तर ओल्या भागाची कड पेन्सिलने आखून ठेवा आणि दोन दिवस ते न्हाणीघर वापरू नका. कड मागे सरकली तर गळती तिथेच आहे.

वाफेसाठी आर्द्रतामापक लावा. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली हवी, ३० ते ५० टक्के सर्वांत चांगली. अंघोळीनंतर वीसेक मिनिटे बाहेर हवा टाकणारा पंखा चालवा, ओले कपडे बंद खोलीत वाळत घालू नका आणि कपाट भिंतीपासून ५ ते १० सेंटिमीटर पुढे ओढा.

*तपासणी: पाण्याचा स्रोत बंद झाला का? झाला नसेल तर इथेच थांबा. घासण्याचे कष्ट वाया जातील.*

४. सामान आधी जमवा

काम अर्धवट सोडून बादली आणायला जाणे म्हणजे बीजाणू अंगावर घेऊन घरभर फिरणे. म्हणून सगळे आधीच खोलीत आणून ठेवा.

- एन-९५ मास्क. कापडी किंवा शस्त्रक्रियेचा मास्क चालत नाही, कारण त्याच्या कडांतून हवा आत येते.
- चारही बाजूंनी बंद, छिद्रे नसलेला गॉगल. नेहमीचा चष्मा पुरत नाही.
- कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे जुने कपडे, डोक्याला टोपी किंवा रुमाल.
- दोन बादल्या, भांडी घासायचे द्रव, फवाऱ्याची बाटली, नायलॉनचा ब्रश, टाकून देता येतील अशी फडकी, पोपडे खरवडायची पट्टी.
- जाड प्लॅस्टिक, चिकटपट्टी, जाड पिशव्या.

मास्क लावल्यावर दोन्ही तळवे त्यावर ठेवा आणि जोरात श्वास सोडा. गालांजवळून किंवा नाकाच्या हाडाजवळून हवा निसटली तर पट्टा घट्ट करा आणि नाकावरची तार दाबून बसवा. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला चिकटत नाही. त्या माणसाने हे काम दुसऱ्याकडे द्यावे.

५. खोली वेगळी करा

पंखा आणि एसी बंद. घरातल्या बाजूचे दार बंद करून त्याच्या फटींवर प्लॅस्टिक चिकटवा. बाहेर उघडणारी खिडकी उघडी ठेवा. हलवता येणारे स्वच्छ सामान आधी बाहेर काढा, राहील ते झाका. डागाखालच्या जमिनीवर प्लॅस्टिक अंथरा.

पंखा बंद ठेवण्याचा कंटाळा करू नका. या टप्प्यावर चालू पंखा बीजाणू सगळ्या भिंतींवर पेरतो. पंख्याची वेळ पुढे येणारच आहे.

६. डाग ओला करा

एक लिटर पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे थोडे थेंब टाका आणि फवाऱ्याने डागावर अलगद तुषार मारा. बाटली हातभर लांब धरा. जोराची धार मारली तर तीच बीजाणू उडवते. पाच मिनिटे थांबा. डाग चकाकू लागला पाहिजे, पण पाणी ओघळता कामा नये. पुढचे सगळे काम पृष्ठभाग ओला असतानाच करायचे. मध्येच वाळला तर पुन्हा तुषार मारा.

७. जे वाचणार नाही ते फेका

बुरशीचे तंतू सच्छिद्र वस्तूत आत खोल शिरलेले असतात. वरून पुसून ते जात नाहीत. भिजलेला जिप्सम बोर्ड, छताच्या फरशा, पुठ्ठा, गालिचा, कापसाची गादी, उशी: यांवर बुरशी दिसत असेल तर मोह सोडा. धुता येणारे कपडे साबणाच्या गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवले तर वाचतात.

फेकायची वस्तू ओली करून खोलीतच पिशवीत घाला, तोंड बांधा आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला. पिशवी बाहेर नेण्याआधी तिची बाहेरची बाजू ओल्या फडक्याने पुसा. उघडी गादी घरातून ओढत नेणे ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. तिच्या वाटेवरची प्रत्येक खोली पुन्हा पुसावी लागते.

गिलाव्याचे पोपडे सुटले असतील तर ते ओले करून पट्टीने काढा, घट्ट गिलावा लागेपर्यंत. रंगाच्या सुटलेल्या पापुद्र्याखाली बुरशी राहिली तर वर काहीही लावा, ती टिकते.

८. साबणाने घासा

एका बादलीत साबणाचे पाणी, दुसरीत साधे. फडके साबणात बुडवा, भिंत पुसा, साध्या पाण्यात खळबळा, पिळा, मग पुन्हा साबणात. एकच बादली वापरली तर दोन फेऱ्यांनंतर तुम्ही बुरशीच्या पाण्यानेच भिंत पुसत असता. साधे पाणी गढूळ दिसले की बदला.

वरून खाली या. डागाच्या दिसणाऱ्या कडेपलीकडे ३० सेंटिमीटरपर्यंत पुसा, कारण न दिसणारी वाढ तिथे असते. टाइलच्या सांध्यांत ब्रश वापरा. तारेचा ब्रश नको, तो पृष्ठभागावर चरे पाडतो आणि त्या चऱ्यांत पुढची बुरशी बसते.

*तपासणी: स्वच्छ पांढरे ओले फडके डागाच्या जागेवरून फिरवा. त्यावर काळे-हिरवे उतरत असेल तर पुन्हा घासा. भिंतीवर फिकट डाग राहिला पण फडक्यावर काही येत नसेल, तर तो फक्त रंगाचा डाग आहे.*

९. ब्लीच: हवे तिथेच, शेवटी

ब्लीचशिवाय काम पूर्ण होत नाही ही समजूत चुकीची आहे. साबणाने बुरशी निघून जाते, ब्लीच उरलेली मारते. आणि मेलेली बुरशीसुद्धा अॅलर्जी देते, म्हणून तिला नुसते मारून जागेवर ठेवण्यात अर्थ नाही.

टाइल, काच, कडक प्लॅस्टिक, धातू अशा न शोषणाऱ्या पृष्ठभागावरच ब्लीच वापरा. गिलावा आणि लाकूड यांवर त्याचा उपयोग फारसा होत नाही: पाणी आत मुरते, क्लोरीन वरच संपते आणि ओल मात्र वाढते. घासण्याआधी ब्लीच ओतले तर मळच ते खाऊन टाकतो.

प्रमाण: १ लिटर पाण्यात घरगुती ब्लीच ६० मिलिलिटर, म्हणजे १५ मिलिलिटरचे चार चमचे. त्याहून जास्त नको. मिश्रण त्याच दिवशी बनवा आणि उरलेले साठवू नका, कारण पातळ केलेले ब्लीच लवकर निकामी होते. पृष्ठभाग दहा मिनिटे ओला ठेवा, मग साध्या पाण्याने पुसा. खिडकी उघडीच ठेवा. एन-९५ मास्क बीजाणू अडवतो, क्लोरीनचा वायू अडवत नाही.

*इशारा: ब्लीचमध्ये शौचालय साफ करायचे अॅसिड, व्हिनेगर किंवा अमोनिया असलेले काहीही मिसळू नका. अॅसिड आणि व्हिनेगरमुळे क्लोरीन वायू सुटतो, अमोनियामुळे क्लोरामाइन. बंद न्हाणीघरात दोन्ही जिवावर बेतू शकतात. आधी अॅसिडने फरशी धुतली असेल तर ती भरपूर पाण्याने धुऊन वाळल्याशिवाय ब्लीच लावू नका.*

१०. जमीन पुसा, मग स्वतः बाहेर या

प्लॅस्टिक आतल्या बाजूला गुंडाळून पिशवीत घाला. जमीन, खिडकीच्या कडा, स्विचच्या पेट्यांचा वरचा भाग घट्ट पिळलेल्या ओलसर फडक्याने पुसा. झाडू लावू नका. साधा व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्याच्या मागच्या बाजूने बारीक बीजाणू परत हवेत येतात. हेपा गाळणी (अतिबारीक कण अडवणारी) असलेला असेल तरच वापरा.

मग हातमोजे, त्यानंतर गॉगल, त्यानंतर वरचे कपडे आणि सर्वांत शेवटी, खोलीबाहेर आल्यावर, मास्क. बहुतेक जण घाम आल्यामुळे मास्कच आधी ओढतात आणि कपड्यांवरचे बीजाणू श्वासात घेतात. मास्कच्या समोरच्या भागाला हात लावू नका, पट्ट्यांनी काढा. कपडे वेगळे धुवा, डोक्यावरून अंघोळ करा.

११. वाळवा, आणि रंगाची घाई करू नका

आता पंखा लावा. २४ ते ४८ तासांत पृष्ठभाग पूर्ण वाळला पाहिजे, कारण ओल त्याहून जास्त रेंगाळली की बुरशी पुन्हा धरते. हीच मुदत पुढेही लक्षात ठेवा: कधीही पाणी सांडले, गळाले, शिरले तरी दोन दिवसांच्या आत वाळवा.

भिंत हाताला कोरडी लागते म्हणजे आतून वाळली असे नाही. फॉइलची चाचणी पुन्हा करा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर थांबा. नव्या गिलाव्याला वाळायला काही आठवडे लागतात. बुरशीरोधक रंगसुद्धा ओल्या भिंतीवर पोपडे धरतो. आणि बुरशीवरच रंग मारला तर ती रंगाच्या मागे वाढत राहते.

तिसऱ्या दिवशी आणि दोन आठवड्यांनी जागा पाहा, वास घ्या. डाग परत आला असेल तर ब्लीचचे प्रमाण वाढवू नका, तिसऱ्या पायरीकडे जा.

घरातल्या इतर जागा

पाव, शिजवलेले अन्न, मऊ फळे यांवर बुरशी आली तर ती वास न घेता पिशवीत बंद करून फेका. तेवढाच भाग कापून उरलेले खाऊ नका. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाच्या खोलीत मातीच्या कुंड्या ठेवू नका आणि सडका पालापाचोळा किंवा कंपोस्ट त्याला हाताळू देऊ नका, कारण फ्युमिगेटस तिथे भरपूर असते. कॉन्टॅक्ट लेन्स आणि तिची डबी नळाच्या पाण्याने धुऊ नका.

गजकर्णाचे खापर मात्र भिंतीवर फोडू नका. तो ट्रायकोफायटॉनसारख्या त्वचेवर जगणाऱ्या बुरशीमुळे होतो आणि माणूस, पाळीव प्राणी, टॉवेल, कपडे यांच्यामार्फत पसरतो. त्यावर स्टेरॉइड मिसळलेले मलम लावले की खाज तात्पुरती थांबते, पण बुरशी पसरत जाते.

१२. डॉक्टरकडे कधी, आणि काय सांगायचे

निरोगी माणसाला काम झाल्यावर दोन-चार शिंका आल्या तर काळजीचे कारण नाही. पुढच्या गोष्टींत मात्र घरगुती उपाय करत बसू नका.

केमोथेरपी चालू असताना ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला तर त्याच दिवशी, त्याच वेळी रुग्णालय. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला अँटिबायोटिक घेऊनही न उतरणारा ताप, छातीत दुखणे किंवा थुंकीतून रक्त.

मधुमेह असलेल्या किंवा स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाचा चेहरा एका बाजूने सुजणे किंवा बधिर होणे, एक नाकपुडी चोंदून काळपट स्राव येणे, टाळूवर काळा चट्टा, एक वस्तू दोन दिसणे. ही आणीबाणी आहे, सकाळची वाट पाहू नका.

डोळ्याला काडी लागून दुखणे, लाली किंवा बुबुळावर पांढरा ठिपका आला तर घरातले जुने थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर बुरशीला मोकळे रान मिळते.

डॉक्टरांना चार गोष्टी न विचारता सांगा: घरात बुरशी होती का, ती कुणी आणि कधी काढली, कोणती औषधे किती दिवस चालू आहेत, आणि शेवटची साखर किती होती. भिंतीची खरवड पुडीत बांधून नेऊ नका. तिचा उपयोग नाही आणि पुडी उघडणाऱ्याला धोका आहे. निदान रुग्णाच्या थुंकीतून, नाकातल्या किंवा फुप्फुसातल्या ऊतीच्या तुकड्यातून होते. इथे जातीची ओळख खरोखर महत्त्वाची असते: अॅस्परजिलसवर पहिल्यांदा दिले जाणारे व्होरिकोनाझोल म्युकरवर्गीय बुरशीवर चालत नाही, तिथे अॅम्फोटेरिसिन-बी लागते आणि मेलेली ऊती शस्त्रक्रियेने काढावी लागते. म्हणून एखाद्या नातेवाइकाच्या उपचारातून उरलेली बुरशीविरोधी गोळी परस्पर सुरू करू नका. ती चुकीची निघाली तर मधले दिवस बुरशीला मिळतात.